गांवाला ठाऊक असलेलें गुपित

रहस्यकथा आणि धर्मश्रद्धा यांचा संसार सुखाचा व्हावा, हें प्रथमदर्शनीं तरी कठीण दिसतें. रहस्यकथेचा सारा जीव 'आतां पुढें काय?' या धास्तींत असतो. श्रद्धावंताला तर, पुढें जें व्हावयाचें तें एका दयाळू हातानें योजून ठेविलें आहे, असा भरंवसा असतो. ज्याला भरंवसा आहे त्याला धास्ती कसली, आणि ज्याला धास्ती नाहीं त्यानें रहस्यकथा कशासाठीं वाचावी? तथापि अमेरिकेंत गेल्या चाळीस वर्षांत या दोहोंचा संसार थाटला गेला आहे, आणि तो भरभराटीसहि आला आहे. खून, बेपत्ता झालेलीं माणसें, धमकीचीं पत्रें, मध्यरात्रीं वाजणारा दूरध्वनि हें सर्व साहित्य त्या कादंबऱ्यांत असतें. आणि त्याच पानांवर प्रार्थना, पश्चात्ताप व क्षमा हींहि असतात. त्यांपैकीं कित्येकींचें घटनास्थळ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एखादें लहानसें गांव. या महिन्यांत वाचकांपुढें याच कादंबऱ्यांचा विचार मांडावयाचा आहे.

हा विषय आपणांस अगदींच परका आहे असें कोणी समजूं नये. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें आज अटलांटा, शार्लट, ह्यूस्टन या बाजूला स्थायिक झालीं आहेत. नातवंडांच्या भेटीस गेलेल्या आजी-आजोबांना दुपारच्या वेळीं जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मोठा आधार असतो, आणि तेथें हीं पुस्तकें सहज हातीं लागतात. शिवाय 'यांत वावगें कांहीं नाहीं' अशी त्यांची ख्याति असल्यामुळें तीं घरांतील कोणाच्याहि हातीं निर्धास्तपणें द्यावींत असें वाटतें. ती ख्याति कितपत खरी, आणि 'वावगें' म्हणजे नेमकें काय, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. अमेरिकेंतील ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांनीं १९५० सालीं आपली संघटना स्थापन केली; पण कादंबरी या प्रकाराकडे भाविक घराण्यांची दृष्टि पुष्कळ वर्षें संशयाचीच होती. १९७९ मध्यें जॅनेट ओक या कॅनडांतील लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही, पश्चिमेच्या गवताळ प्रदेशांत एकट्या पडलेल्या एका तरुण विधवेची कथा निघाली आणि विलक्षण खपली, तेव्हां प्रकाशकांस या वाचकवर्गाची भूक कळून आली. १९८६ मध्यें फ्रँक पेरेटी यांची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' आली. ॲश्टन नांवाच्या काल्पनिक गांवांत एक पाळक आणि एक वृत्तपत्रकार एका कारस्थानाचा माग काढतात, आणि त्यांच्या डोक्यावर अदृश्य देवदूत व सैतानाचे सेवक तरवारी घेऊन झुंजत असतात, अशी तिची रचना आहे. हें गांव दक्षिणेंतलें नव्हे. पण लहान गांव, गुप्त कट आणि प्रार्थनेचें बळ हा सांचा तेथें तयार झाला. पुढें २००० सालापासून या वाङ्मयासाठीं 'ख्रिस्टी' पुरस्कार दिले जाऊं लागले. कॅथरिन मार्शल यांच्या १९६७ मधील ज्या कादंबरीवरून हें नांव घेतलें, तीहि टेनेसीच्या डोंगरांत शिकवावयास गेलेल्या एका तरुणीचीच कथा आहे.

या कादंबऱ्यांचे घरगुती कायदे ठरलेले आहेत. पात्रांच्या तोंडीं शिव्या येत नाहींत. शृंगार उंबरठ्याबाहेरच थांबतो. खून होतो, पण रक्ताचे शिंतोडे वाचकाच्या अंगावर उडत नाहींत. आणि एका तरी पात्राचा देवाशीं असलेला संबंध, कथा संपेपर्यंत, बदललेला असतो. हा शेवटचा कायदा सर्वांत महत्त्वाचा होय. इंग्लंडांतील ग्रामीण रहस्यकथा आपल्या घरांतून पुष्कळ वाचल्या गेल्या आहेत. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९३० मधील 'द मर्डर ॲट द व्हिकॅरेज'मध्यें प्रेत सांपडतें तें प्रत्यक्ष धर्मोपदेशकाच्या अभ्यासिकेंत. कथा सांगणाराहि तोच. परंतु कोणाच्या आत्म्याचें काय होणार, ही चिंता त्या पुस्तकांत मुख्य नाहीं. चिंता एवढीच कीं, गोळी कोणी झाडली. अमेरिकन ख्रिस्ती कादंबरींत दोन रहस्यें एकदम चालतात. एक गुन्ह्याचें आणि एक अंतःकरणाचें. त्यांतील पहिलें सुटलें तरी दुसरें सुटल्याखेरीज पुस्तक मिटत नाहीं.

आतां या कथांना दक्षिणेंतील लहान गांवच कां मानवतें, तें पाहूं. अमेरिकेच्या या भागाला १९२० नंतरच्या दशकांत एच. एल. मेंकेन या पत्रकारानें 'बायबलचा पट्टा' म्हणून प्रसिद्धि दिली. त्यानें तें नांव उपहासानें वापरलें. पण लोकांनीं तें ठेवून घेतलें. येथील गांवाची घडण कशी असते? मध्यभागीं न्यायकचेरीचा चौक, त्याच्या भोंवतीं दुकानें, पुष्कळ ठिकाणीं यादवी युद्धांतील दक्षिणी शिपायाचा पुतळा. एका कोपऱ्यावर बॅप्टिस्ट चर्च, दुसऱ्यावर मेथॉडिस्ट. रविवारीं तर उपासना असतेच, पण पुष्कळ मंडळ्या बुधवारीं संध्याकाळींहि प्रार्थनेला जमतात. कोणाच्या घरीं दुःखद घटना घडली कीं शेजारणी झांकलेलीं भांडीं घेऊन, शिजविलेलें अन्न त्या घरीं पोंचवितात. नव्या आलेल्या माणसाला आडनांवानंतर दुसरा प्रश्न विचारतात तो 'आपण कोणत्या चर्चला जातां?' हा.

रहस्यकथाकाराला यापरतें भांडवल तें कोणतें? मोठ्या शहरांत खुनी हा गर्दींत मिसळून जातो. येथें गर्दीच नाहीं. अर्थात् खुनी जो कोणी असेल तो आपल्याशेजारीं बसून स्तोत्रें गाणारा, आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आलेला, आपल्या घरीं जेवलेलाच असणार. लहान गांवांत अपरिचिताची भीति नसते. भीति असते ती परिचिताची.

उदाहरणादाखल टेरी ब्लॅकस्टॉक या मिसिसिपींतील लेखिकेच्या कादंबऱ्या घ्या. प्रारंभीं त्या सर्वसाधारण प्रकाशनसंस्थांसाठीं प्रेमकथा लिहीत. १९९० नंतरच्या दशकांत तें सोडून त्या या वाटेला आल्या. १९९८ मधील 'प्रायव्हेट जस्टिस' ही लुइझियाना राज्यांतील न्यूपॉइंट या काल्पनिक गांवाची कथा. तेथील अग्निशामक दलांतील लोकांच्या बायका एकामागून एक मारल्या जात आहेत. त्याच दलांतील एका जवानाचा संसार या सुमारास मोडकळीस आलेला आहे. तेव्हां खुन्याची भीति दाराबाहेर आणि वैर दाराच्या आंत, अशा कोंडींत ती पतिपत्नी सांपडतात. २००२ मधील 'केप रेफ्यूज'ची जागा जॉर्जियांतील सव्हॅनाजवळचें एक बेट ही होय. तुरुंगांतून सुटलेल्या व वाट चुकलेल्या माणसांना आपल्या घरांत आसरा देणाऱ्या एका वृद्ध जोडप्याचा खून होतो, आणि संशय येतो तो त्यांच्या जांवयावर. त्यांना दोन मुली. थोरली श्रद्धाळू. धाकटी गांवच्या ग्रंथालयाची व्यवस्था पाहणारी. तिचा चेहरा लहानपणींच्या भाजण्यानें विद्रूप झालेला, आणि देवावर तिचा विश्वास नाहीं. ज्यांनीं जन्मभर परक्यांना घरांत घेतलें त्यांचाच असा अंत कां व्हावा, हा धाकटीचा प्रश्न पोलिसांच्या प्रश्नाहून अवघड आहे, आणि लेखिकेनें तो तिच्या तोंडून मोकळेपणानें विचारूं दिला आहे.

तिसरें उदाहरण रॉबर्ट व्हिटलो यांचें. हे स्वतः वकील असून दक्षिणेंतील न्यायकचेऱ्यांची त्यांना आंतून माहिती आहे. त्यांच्या २००१ मधील 'द ट्रायल'चा नायक जॉर्जियांतील लहान गांवचा वकील आहे. पत्नी आणि दोन मुलगे यांना गमावल्यामुळें तो आयुष्य संपविण्याच्या टोंकाशीं येऊन पोंचलेला असतो. त्याच वेळीं न्यायाधीश त्याच्यावर एका तरुण आरोपीचा बचाव सोंपवितात. स्वतः मरूं इच्छिणाऱ्यानें दुसऱ्याच्या जिवासाठीं झगडावें, या एका कल्पनेवर सारी कादंबरी उभी आहे. यांतील कोणत्याहि पुस्तकांत खुनी कोण, हें सांगून वाचकांचा रसभंग करणें आम्हांस अर्थातच उचित वाटत नाहीं.

हीं पुस्तकें वाचतांना श्रद्धा आणि धास्ती यांचा प्रारंभीं म्हटलेला विरोध कसा मिटतो, तें ध्यानांत येतें. श्रद्धावंताला जगाचा शेवट ठाऊक असेल, पण आजची रात्र ठाऊक नसते. संकट आलें असतां आपण धीर धरूं कीं खोटें बोलूं, क्षमा करूं कीं सूड घेऊं, हें त्याला स्वतःविषयींहि सांगतां येत नाहीं. हीच या कथांतील खरी धास्ती होय आणि ती पूर्णपणें न्याय्य आहे. ज्या घरांत दुःख झालें आहे अशा वाचकाला या कादंबऱ्या कां जवळच्या वाटतात, याचेंहि उत्तर येथेंच मिळतें. त्या दुःखाला घाईघाईनें झांकीत नाहींत. निदान त्यांतील चांगल्या तरी झांकीत नाहींत.

परंतु एवढी स्तुति केल्यावर त्यांचें व्यंगहि सांगितलें पाहिजे. बहुतेक वेळां या गांवांतील पाप एकट्यादुकट्या माणसाचें असतें. तो सांपडला, त्याला बेड्या पडल्या, कीं गांव पुनः निर्मळ होतें. घंटा वाजते, मंडळी स्तोत्र गाते आणि पडदा पडतो. कांहीं कथांत तर पाप गांवाबाहेरूनच येतें. कारखानदार, शहरी टोळी, विचित्र पंथ, किंवा प्रत्यक्ष सैतान. गांवानें स्वतः कांहीं केलेलें नसतें. त्याच्यावर केवळ संकट आलेलें असतें. वाचकाला हें सुखाचें वाटतें, कारण वाचकहि गांवाबरोबर निर्दोष सुटतो.

येथेंच 'वावगें' या शब्दाचा अर्थ तपासून पाहणें अवश्य आहे. सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या 'लाइफवे' या संस्थेचीं पुस्तकांचीं दुकानें देशभर होतीं. २०१९ मध्यें तीं सर्व बंद झालीं. त्या दुकानांतून २०१२ मध्यें 'द ब्लाइंड साइड' हा एका काळ्या मुलाला आसरा देणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचा चित्रपट काढून टाकण्यांत आला. कारण एवढेंच कीं, त्यांत शिव्या आणि काळ्या लोकांविषयीं वापरला जाणारा एक तुच्छतेचा शब्द आहे, अशी एका पाळकाची तक्रार होती. घरांत मुलांच्या कानीं असे शब्द पडूं नयेत, ही इच्छा आम्हांस समजूं शकते. पण एक अडचण राहतेच. जो शब्द त्या गांवांतून पिढ्यान्पिढ्या बोलला गेला तो पुस्तकांतून गाळला, तर पुस्तक स्वच्छ झालें खरें. परंतु तो शब्द बोलणारा माणूसहि त्याबरोबर गाळला गेला कीं काय, हें पाहिलें पाहिजे. भाषेचा सोंवळेपणा आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दक्षिणेंतील ज्या गांवाची कथा कोणा कादंबरीकाराला सुचावी अशी आहे, पण जी दुर्दैवानें अक्षरशः घडलेली आहे, ती आतां सांगतों. मिसिसिपी राज्यांत फिलाडेल्फिया नांवाचें एक लहान गांव आहे. पेनसिल्व्हेनियांतील प्रसिद्ध शहर तें हें नव्हे. १६ जून १९६४ रोजीं त्या गांवाबाहेरील काळ्या लोकांचें माउंट झायन हें मेथॉडिस्ट चर्च जाळण्यांत आलें आणि तेथील मंडळींतील माणसांना मारहाण झाली. काळ्या लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून काम करणारे तीन तरुण त्या जळिताची चौकशी करावयास आले. जेम्स चेनी हा जवळच्याच मेरिडियनचा काळा तरुण, वय २१. अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर हे न्यूयॉर्ककडील गोरे. वयें २० आणि २४. २१ जून रोजीं उपशेरीफनें वेगानें मोटार चालविल्याचें निमित्त काढून त्यांना तुरुंगांत टाकलें, रात्रीं सोडून दिलें, आणि मग पाठलाग करून त्यांना गांठण्यांत आलें. चव्वेचाळीस दिवसांनीं, ४ ऑगस्टला, तिघांचीं प्रेतें एका शेतावरील मातीच्या धरणाखालीं सांपडलीं.

हा कट एकट्यादुकट्याचा नव्हता. १९६७ मध्यें केंद्र सरकारनें अठरा जणांवर खटला चालविला. खुनाचा नव्हे, तर नागरी हक्क हिरावून घेण्याच्या कटाचा. सात जण दोषी ठरले. एडगर रे किलेन हा लांकडाची गिरणी चालविणारा आणि फावल्या वेळीं बॅप्टिस्ट उपदेशक म्हणून काम करणारा मनुष्य. त्याच्याबाबतींत ज्यूरींतील अकरा जण एका बाजूस आणि एक बाई दुसऱ्या बाजूस राहिली, आणि तो सुटला. धर्मोपदेशकाला दोषी ठरविणें आपल्याच्यानें होणार नाहीं, असें तिचें म्हणणें पडलें. त्यानंतर हा मनुष्य त्याच भागांत अडतीस वर्षें राहिला. २००५ मध्यें राज्य सरकारनें त्याच्यावर खटला भरला, आणि २१ जून २००५ रोजीं, म्हणजे त्या रात्रीनंतर बरोबर एकेचाळीस वर्षांनीं, फिलाडेल्फियाच्या न्यायकचेरींतच तो तीन मनुष्यवधांबद्दल दोषी ठरला. साठ वर्षांची शिक्षा भोगीत असतां २०१८ च्या जानेवारींत तो तुरुंगांत मरण पावला.

या कथेंत रहस्य तें कोठें आहे? कोणी केलें, हें गांवांत पुष्कळांना ठाऊक होतें किंवा ठाऊक करून घेतां आलें असतें. तें कोणी बोलत नव्हतें, एवढेंच. त्या गांवांत फ्लॉरेन्स मार्स नांवाची एक गोरी स्त्री होती. तिचें घराणें तेथलेंच, ती तेथल्याच मेथॉडिस्ट चर्चमध्यें रविवारच्या शाळेंत शिकवीत असे, आणि गुरांच्या बाजाराचा तिचा व्यवसाय होता. तिनें केंद्रीय चौकशी ज्यूरीपुढें साक्ष दिली. त्याचा परिणाम असा झाला कीं तिच्या बाजारावर बहिष्कार पडला आणि तो तिला विकावा लागला. चर्चमधील तिची शिकवणीहि गेली. पुढें १९७७ मध्यें तिनें 'विटनेस इन फिलाडेल्फिया' या पुस्तकांत सर्व हकीकत लिहिली. तें पुस्तक रहस्यकथा म्हणून कोठेंहि ठेवलेलें नसतें. तथापि श्रद्धा आणि धास्ती यांची खरी गांठ कोठें पडते, हें त्यांतून जितकें कळतें तितकें पंचवीस कादंबऱ्यांतून कळणार नाहीं. या बाईची भीति अंधाऱ्या रस्त्याची नव्हती. आपल्याच चर्चमधील ओळखीच्या चेहऱ्यांची होती.

या मौनाला धर्मसंस्थेच्या इतिहासांतहि मूळ आहे. दक्षिणेंतील बॅप्टिस्ट लोक १८४५ मध्यें जॉर्जियांतील ऑगस्टा येथें उत्तरेकडील बंधूंपासून वेगळे झाले. गुलाम बाळगणाऱ्या मनुष्यास मिशनरी म्हणून पाठवितां येईल कीं नाहीं, या वादावरून तें वेगळेपण आलें. त्या पंथानें गुलामगिरीस दिलेल्या पाठिंब्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्यें, दीडशें वर्षांनीं. पापाची कबुली हा ज्या धर्माचा पाया, त्याच्या एवढ्या मोठ्या मंडळीला आपली स्वतःची कबुली उच्चारावयास पांच-सहा पिढ्या लागल्या. हें त्यांना हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. एकट्या माणसाचा पश्चात्ताप आणि साऱ्या मंडळीचा पश्चात्ताप यांत केवढें अंतर आहे, तें यावरून दिसतें.

दक्षिणेंतील थोर लेखकांनीं हें अंतर ओळखलें होतें. विल्यम फॉकनर यांची १९४८ मधील 'इन्ट्रूडर इन द डस्ट' ही उघडउघड रहस्यकथाच आहे. एका गोऱ्याच्या खुनाचा आरोप ल्यूकस बोशां या मानी काळ्या म्हाताऱ्यावर येतो. जमाव त्याला जाळावयास टपलेला असतो. तेव्हां एक गोरा मुलगा, त्याचा काळा सोबती आणि एक वृद्ध कुलीन बाई असे तिघे रात्रीं कबर उकरून सत्य शोधून काढतात. खुनी दुसराच, आणि तोहि आपल्यांतलाच, असें उघड होतें. तेव्हां तो सारा जमाव मोटारींत बसून निघून जातो. क्षमा मागावयास कोणी थांबत नाहीं. रहस्य सुटल्याचा आनंद त्या पळणाऱ्या मोटारी पाहून वाचकाच्या मनांतच विरतो.

फ्लॅनरी ओ'कॉनर या जॉर्जियांतील लेखिका निष्ठावंत कॅथॉलिक होत्या. जन्म १९२५ चा, आणि दीर्घ दुखण्यानें १९६४ मध्यें त्या वारल्या. त्यांच्या 'रेव्हेलेशन' या कथेंतील मिसेस टर्पिन ही सुस्थितींतील, टापटिपीची, चर्चला जाणारी बाई. देवानें आपल्याला काळी किंवा हलक्या गोऱ्यांतील केलें नाहीं म्हणून ती मनोमन त्याचे आभार मानीत डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत बसलेली असते. तोंच समोरची एक मुलगी हातांतलें पुस्तक तिच्या तोंडावर फेंकून मारते आणि तिला एका ओंगळ जनावराची उपमा देते. येथें खून नाहीं, पोलिस नाहींत. पण त्या शब्दानें बाईच्या मनांत जो भुंगा लागतो, तो शेवटच्या पानापर्यंत वाचकाला सोडीत नाहीं. स्वर्गाकडे जाणाऱ्या मिरवणुकीचें तिला दर्शन होतें, तेव्हां तिनें तुच्छ मानलेले लोक पुढें चाललेले आणि तिच्यासारखे सभ्य लोक सर्वांच्या मागें, असें दिसतें. सभ्य माणसाला आपण कोण आहों याचा पत्ता लागणें, हेंच त्या कथेंतील रहस्य आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटूं नये. आपल्या भाषेंतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतलें जातें ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. तीहि एका ख्रिस्ती लेखकाचीच. तिच्यांतील धर्मप्रचार आपल्या पूर्वजांना रुचला नसेल, आणि कादंबरी या दृष्टीनें तिच्यांत दोषहि पुष्कळ आहेत. तथापि ब्राह्मणांच्या घरांतून विधवांचें काय चाललें होतें, हें तिनें घराघरांतून फिरून दाखविलें. तें कोणाला ठाऊक नव्हतें असें नाहीं. प्रत्येक वाड्यांत तें ठाऊक होतें. फक्त लिहिलें कोणी नव्हतें. त्या पुस्तकाची शक्ति होती ती एवढ्यांतच.

म्हणून या कादंबऱ्या वाचूं नयेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. प्रवासांत, आजारपणांत, रात्रीं झोंप न येणाऱ्यास त्या चांगली सोबत करतात. ब्लॅकस्टॉक व व्हिटलो यांचीं वर सांगितलेलीं पुस्तकें मोठ्या मुलामुलींच्या हातीं देण्यास हरकत नाहीं. मात्र वाचून झाल्यावर घरांत थोडी चर्चा व्हावी, आणि तींत तीन प्रश्न विचारले जावेत. खुनी सांपडल्यानंतर गांवांतील इतर कोणाला कांहीं सोडावें लागलें काय? क्षमा मिळाली ती मागितल्यानंतर, कीं मागण्याच्या आधींच? आणि गांवांत जे काळे लोक, मजूर, नोकर राहतात त्यांना या कथेंत नांव आहे कीं नाहीं? पहिल्या दोहोंचें उत्तर समाधानकारक आलें तर पुस्तक चांगलें समजावें. तिसऱ्याचेंहि आलें तर तें जपून ठेवावें.

ज्यांना याहून पुढें जावयाचें आहे त्यांनीं ओ'कॉनर यांची 'रेव्हेलेशन' आधीं वाचावी. ती एका बैठकींत संपते आणि १९६५ च्या 'एव्हरीथिंग दॅट रायझेस मस्ट कन्व्हर्ज' या संग्रहांत मिळते. नंतर हार्पर ली यांची १९६० मधील 'टु किल अ मॉकिंगबर्ड' घ्यावी. अलाबामांतील मेकोम्ब या काल्पनिक गांवांत एका निरपराध काळ्या माणसाला दोषी ठरविणारे पंच हे लेकीबाळींचे बाप, शेतकरी, साधे लोक आहेत, हें तिनें एका लहान मुलीच्या डोळ्यांनीं दाखविलें आहे. फॉकनर यांचीं वाक्यें लांब व गुंतागुंतीचीं असतात; त्यांच्याकडे सवडीनें वळावें. आणि फ्लॉरेन्स मार्स यांचें पुस्तक कोठें मिळाल्यास तें मोठ्यांनीं प्रथम स्वतः वाचून मग मुलांना द्यावें. त्यांतील कांहीं पानें कठीण आहेत, पण एकही खोटें नाहीं.